उन्हात टांगलेली जाळी

धाराशिव,
दि. ६ फेब्रुवारी

चि. सौ. शिवकन्या हिस,
धनादादाचे अ. उ. आ. (निम्मे आशीर्वाद, बाकीचे गिळलेले शब्द.)

पत्र लिहिण्यास कारण की, माझ्या खिडकीवर अतिक्रमण झालं आहे. कोर्टासमोरच्या ज्या खोलीत बसून मी लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतो, तिला एकच खिडकी आहे, हे तुला ठाऊक आहे. त्या खिडकीतून मला माणिकप्पाची चहाची टपरी दिसायची आणि माणिकप्पाला मी. बोट दाखवलं की साधा, मूठ दाखवली की आलं घालून. परवा सकाळी कुलूप काढलं तर खोलीत अंधार. समोरच्या खांबापासून माझ्या गजापर्यंत एक भलामोठा फ्लेक्स ताणून बांधलेला. मागून मला त्यातला फक्त एक कान दिसतो, तोही उलटा. दोन दिवस मी त्या कानाला बोट दाखवतोय आणि मूठ दाखवतोय. चहा येत नाही. कोण्या राज्यात असा अन्याय झाला असेल तर सांग. मी नगरपालिकेला द्यायला कडक भाषेत अर्ज टाइप केला आणि फ्लेक्सवर कुणाचं नाव आहे ते बघायला खाली उतरलो.

समोरून बघितलं आणि अर्ज तिथंच फाडला.

कान तुमच्या तळेवाडीच्या अमरसिंहाचा आहे. फ्लेक्सचा अर्धा भाग त्याच्या तोंडानं व्यापलाय. खाली गोल गोल चकत्यांमध्ये त्याचे पंधरा-वीस कार्यकर्ते. आणि एका कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, आपला इंद्रजित. तोंड त्याचं, माझ्या लेकीच्या, आरोहीच्या लग्नातल्या फोटोमधलं. कपाळावरच्या अक्षता पण पुसल्या नाहीत मेल्यांनी. पण मानेखालचं धड दुसऱ्या कुणाचं तरी, कुठल्यातरी मोठ्या नौदल अधिकाऱ्याचं, छातीवर पदकांची रांग. मागं तोफा उडवणारी युद्धनौका. आणि वर अक्षरं: भारतीय नौदलाचे वीर जवान शहीद इंद्रजित यांना भावपूर्ण श्रद्धांजली.

शिवे, हे त्यांना कुणी सांगितलं? आपला पोरगा गव्हाची पोती वाहणाऱ्या जहाजावर साधा खलाशी होता. नौदलाशी त्याचा संबंध माझा चंद्राशी आहे तेवढा. रस्त्यावर गाडी चालवणारा प्रत्येक जण एसटीचा ड्रायव्हर, असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. पण जहाजावर गेला की तो नौदलाचाच! समुद्र बघायचा तर आपल्या जिल्ह्यातून एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास, मग चूक तरी कुणाला काढता येणार. आणि शहीद? कंपनीनं कळवलंय ते 'बेपत्ता'. लढाईच्या समुद्रात जहाजावर बॉम्ब पडला, बाकीचे सापडले, एक सापडला नाही. सापडला नाही म्हणजे शोधायचा राहिला आहे. जहाज एका देशाचं, झेंडा दुसऱ्याचा, विमा तिसऱ्याचा, लढाई चौथ्या-पाचव्याची, आणि बुडालेला पोरगा तेवढा आपला. आता त्याच्या मरणावरही अमरसिंहाचा कान!

फोन का करत नाही म्हणशील. तुझा फोन स्पीकरवर असतो आणि अर्धी भोईगल्ली त्याच्याभोवती. मी इकडून ओरडतो, तू तिकडून रडतेस, आणि मधेच तुझा शेजारी धोंडप्पा विचारतो की सरकारचं काही आलं का. पत्रात ओरडायला जागा आहे आणि मधे बोलायला धोंडप्पा नाही.

कुणी कसल्याही कागदावर सही मागितली तर देऊ नकोस. श्रद्धांजलीच्या स्टेजवर चढू नकोस. दाजींनाही चढू देऊ नकोस. तुझ्या सासूबाईंची, नागूबाईमावशींची तब्येत कळव.

लोभ आहेच, तो वाढव म्हणत नाही. राग तेवढा कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धनादादा

*

तळेवाडी,
दि. १२ फेब्रुवारी

ती. धनादादा यांस,
शिवकन्याचा शि. सा. न. वि. वि. पाया पडते, पण रागातच.

तुमचं पत्र पोहोचलं. तुम्हाला एक फ्लेक्स दिसला, इथं सहा आहेत. एक तर आमच्याच दारासमोर बांधला. सकाळी दार उघडलं की आधी अमरसिंहाचं तोंड, मग सूर्य.

स्टेजवर मी गेले न्हाय. पण त्यांना काय, स्टेज त्यांनी आमच्या अंगणातच आणलं. माइक, सतरंज्या, सगळं. अमरसिंह बोलला की इंद्रजितनं देशासाठी प्राण दिला, आणि गावाच्या वेशीवर त्याच्या नावाची कमान होणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा, आमच्या अंगणात, माझ्या लेकराच्या मरणाला टाळ्या! मी आतून ओरडले की माझं लेकरू बेपत्ता हाय, मेलं न्हाय. बायकांनी मला धरून आत बसवलं. म्हणत्यात, बाई शुद्धीवर न्हाय. पूर्ण गावात तेवढ्या वेळी शुद्धीवर मी एकटीच होते.

कपड्याचं म्हणाल तर चूक आमची पण हाय. गेल्या पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला तो सुट्टीवर आला होता. ट्रेनिंगचे पांढरे कपडे घालून शाळेत गेला, तर गुरुजींनी त्याला जवान म्हणून खुर्चीवर बसवलं, हार घातला. तो लाजून सांगत राहिला की मी मालाच्या जहाजावर असतो. कुणी ऐकलं न्हाय. मलाही बरं वाटलं होतं. आईला कोणत्या हाराचं वाईट वाटतं.

पण आता खरी गोष्ट लिहिते, ती फ्लेक्सपेक्षा वाईट हाय. आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या नागूबाईमावशींनी, तळ्यातली जाळी काढायला लावली.

तुम्ही भोयाच्याच पोटचे, पण शहरात राहून विसरला असाल. पाण्यानं माणूस नेलं की पाणी ते माणूस परत देईपर्यंत जाळं टाकायचं न्हाय, त्या पाण्यातला मासा खायचा न्हाय. आणि माणूस मिळालं की ज्याच्या घरचं गेलं त्यानंच पहिलं जाळं टाकायचं, मग बाकीच्यांनी. गल्लीतल्या सिद्रामप्पाचा थोरला तळ्यात गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी तळ्यानं दिला. लोकांनी आत्याबाईंना सांगितलं की ते आपलं तळं होतं, हा समुद्र हाय, कुठल्या कुठं. तर म्हातारी म्हणाली, पानी काय वाटून घेतलंय का? ढगातनं येतं, नदीनं जातं, पानी सगळं एकच. तिच्या नातवासाठी तिनं सगळ्या गल्लीची जाळी उन्हात टांगायला लावली, आणि तिचं वय बघून कुणी न्हाय म्हटलं न्हाय.

पंधरा दिवस झाले. घराघरांत डाळीचं पाणी. धोंडप्पा ईट गावाला खव्याच्या भट्टीवर लाकडं फोडायला जातो. कुणी तोंडावर बोलत न्हाय, पण मी विहिरीवर गेले की गप्प होतात. त्यांच्यातल्या शहाण्यांनी तोड काढलीय: गवताचा पुतळा करून इंद्रजितच्या नावानं जाळायचा, दहावा घालायचा, म्हणजे माणूस पाण्यानं दिल्यासारखं होतं आणि जाळी सुटतात. सगळे माझ्या एका 'व्हय'ची वाट बघत हायेत. मी व्हय म्हणलं की माझं लेकरू मेलं. न्हाय म्हणलं की त्यांची लेकरं उपाशी. सांगा, कुणाच्या आईनं काय करावं.

ह्यांनी तोंड उघडलेलं न्हाय. सकाळी तळ्यावर जातात, काठावर बसतात, येतात.

वहिनींना नमस्कार. तुमचा राग मला पाठवा, माझा संपत आलाय.

आपली लहान बहीण,
शिवकन्या

*

धाराशिव,
दि. २४ फेब्रुवारी

चि. सौ. शिवकन्या हिस,
आशीर्वाद. सोबत, तू मागितलेला राग.

आठ दिवस मी कार्यालयं पालथी घातली. जिथं जवानांच्या नोंदी असतात तिथले साहेब चांगले निघाले, खुर्ची दिली. सगळं बघून म्हणाले की हा मुलगा आमचा नाही. मी म्हटलं, तेच लिहून द्या, बाहेर खांबाखांबावर उलटं लिहिलंय. दुसरीकडे म्हणाले, जहाजाचं मुंबईत विचारा. मुंबईला फोन लावला तर म्हणाले, ज्या एजंटानं पाठवलं त्याला विचारा. एजंटाचा फोन लागतो, पण त्यावर एक बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग गाणं वाजतं. त्या बाईला मी आजपर्यंत इतक्या शिव्या दिल्यात की ती एखाद्या दिवशी स्वतः येऊन मारेल मला.

मग तू कळवलंस नाही, पण मला इथं कळलं. 'नौदलाचा नाही' असं उत्तर एका कार्यकर्त्याच्या हाती लागलं आणि एका सकाळी खिडकीत उजेड आला. फ्लेक्स गायब. माणिकप्पानं मला आपणहून चहा आणून दिला, पण तो टेबलावर तसाच गार झाला. ऐकतोय की तळेवाडीतले सहाही एका रात्रीत उतरले, आणि कमानीचं काम दोन खांबांवर थांबलं. निवडणुकीत मतं देतो तो शहीद. मालाच्या जहाजावरचा पोरगा काय देणार? काल एसटी स्टँडवर अमरसिंहाचा एक चकतीवाला भेटला. मला सांगतो, मामा, वाईट वाटतं, पण परदेशाची हमाली करायला जायचंच कशाला. मी त्याला म्हटलं, तुझ्या नेत्याची हमाली करण्यापेक्षा बरी. बसमध्ये चढला, खिडकीतून बघत राहिला. अजून समजलं नसेल त्याला.

शिवे, मला खोटं शहीद ठरवल्याचा राग आला होता. आता शहीद नाही म्हणून फेकून दिल्याचा त्याहून जास्त येतोय. हे विसंगत आहे, मला कळतं. राग कोर्टात उभा करायचा नसतो.

एक काम होतंय. त्या जहाजावरून वाचलेल्यांपैकी एक जण उमरग्याच्या पुढचा निघाला, कल्याणप्पा नावाचा. घरी आलाय. रविवारी जातोय त्याच्याकडे.

'व्हय' म्हणू नकोस. म्हणायचंच असेल तर स्वतःच्या मनानं म्हण, विहिरीवरच्या गप्प बसण्याला घाबरून नको.

तुझाच,
धनादादा

*

धाराशिव,
दि. ३ मार्च

ती. सिदूदाजी यांस,
धनाजीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावानं लिहितोय. शिवकन्याला लिहिता आलं असतं, पण ही गोष्ट तुमची आहे. तुम्हाला आतापर्यंत सगळ्यांनी सोयीचं सांगितलं. मी गैरसोयीचं सांगतो.

कल्याणप्पा भेटला. तिशीचा असेल, एक हात अजून गळ्यात अडकवलेला. आई कानडीत रडत होती, तो मराठीत सांगत होता, आणि मी दोन्हीकडे मान हलवत होतो. दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं, म्हणाला. जहाजाच्या मागच्या बाजूला, इंजिनाच्या अंगाला, आकाशातून काहीतरी येऊन आदळलं. आग लागली, जहाज एका कुशीवर कललं. उतरायचा हुकूम झाला. इंद्रजित आणि कल्याणप्पा एकाच होडीत होते, सुखरूप. होडीचं यंत्र मात्र बंद पडलेलं. थोड्या अंतरावर तीन माणसं पाण्यात, एका फळीला धरून, आणि होडी काही केल्या त्यांच्याकडे वळेना.

इंद्रजित उभा राहिला. अंगातलं तरंगायचं जाकीट काढलं, घडी करून फळकुटावर ठेवलं. मग शर्ट काढला. कल्याणप्पानं त्याचा दंड धरला आणि ओरडला की जाकीट घाल, हे समुद्राचं पाणी आहे. तर तो हसला. म्हणाला, आमच्यात अंगावर बंद-गुंडी ठेवून पाण्यात शिरत नाहीत.

पहिल्या माणसाला त्यानं मागून केसाला धरून आणलं. दुसऱ्यालाही आणलं, तो जहाजाचा आचारी, कल्याणप्पा म्हणतो की तो अजून फोन करून रडतो. तिसऱ्यासाठी गेला तेव्हा पाण्यावर तेल पसरलं होतं. तो तिसरा माणूस दुसऱ्या होडीला सापडला. इंद्रजित सापडला नाही. हे लोक हाका मारत राहिले. दुसऱ्या दिवशी दुसरं जहाज आलं आणि त्यांना घेऊन गेलं.

दाजी, तुम्हाला काय वाटेल हे मला माहीत आहे, म्हणून पुढचं वाचा. ज्या वाटेवर बॉम्ब पडतायत हे शाळेतल्या पोरालाही माहीत होतं, त्या वाटेनं जहाज नेलं, कारण लांबच्या वाटेनं तेल जास्त जळतं. ज्या संस्थेनं त्याला समुद्राचं प्रमाणपत्र दिलं, तिच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता. इंद्रजित मला हसत सांगायचा की तलाव फक्त जाहिरातीतच आहे. ज्यांचं काम होतं त्याला जाकिटाची सवय लावायचं, ते शिक्के मारत बसले. ही सगळी माणसं आज निवांत झोपतात. त्यांच्याऐवजी तुम्ही जागे राहू नका. हे सांगण्यासाठीच मी खरं लिहिलं.

नागूबाईमावशींना नमस्कार.

आपला,
धनाजी

*

तळेवाडी,
दि. ९ मार्च

रा. धनाजीराव यांस,
सिदूचा रामराम.

तुमचं पत्र म्या दोनदा वाचलं. लिव्हायची सवय न्हाय, चुकलं तर संभाळून घ्या.

म्याच शिकवलं त्याला. लहान हुता तवा सदरा घालून तळ्यात उतरला, गुंडी जाळ्यात गुतली, खाली गेला. म्या ओढून काढला आनि काठावर लई मारला. त्या दिसापास्नं कधी अंगावर चिंधी ठिवून पाण्यात शिरला न्हाय. आमच्या बापानं मला तेच शिकवलं, त्याच्या बापानं त्याला. तळ्यात ते बरोबर हाय, धनाजीराव. तळ्याला काठ असतो.

तुमी शानपनानं लिव्हलं की दुसऱ्यांचं चुकलं. त्यांचं चुकलंच. पन त्यांनी सांगितलेलं त्यानं ऐकलं न्हाय, माझं ऐकलं. एवडंच.

आनि केसाला धरून, मागनं. ते बी माझंच. दोन मानसं जगली त्यानं. कुनाची तरी पोरं असतील ती.

आता एक मागतो. तुमच्या पत्रानं माझी खात्री झाली. जाकीट न्हाय, काठ न्हाय, तो गेला. म्हातारीनं जाळी टांगल्यात, गल्ली माझ्या तोंडाकडं बघती. परवा धोंडप्पाच्या हातावर खव्याची कढई कलंडली, भाजला. भोयानं भट्टीवर कशाला जावं? पुतळा करून अग्नी देऊ द्या मला. जाळी सुटतील. शिवकन्या म्हनती, गवताला माझ्या पोराचं नाव दिलं तर त्याच आगीत मी बसंल. चार दिस झाले माझ्याशी बोलत न्हाय. तुमचं ती ऐकती. तिला समजून सांगा.

कमी-जास्त लिव्हलं असंल तर पोटात घाला.

सिदू

*

धाराशिव,
दि. १३ मार्च

चि. शिवकन्या,

दाजींनी मला तुला समजावून सांगायला सांगितलंय. मी सांगणार नाही. त्यांना तसं कळवतोय, आणि तुलाही कळवून ठेवतो, म्हणजे मी कुणाच्या बाजूनं हा प्रश्न नको.

'मयत' हा शब्द या खोलीत मी रोज टाइप करतो. मयत खातेदार, मयत अर्जदार, मयताचे वारस. बोटं आपोआप चालतात. त्या शब्दापुढं इंद्रजितचं नाव टाइप करायला माझी बोटं तयार नाहीत. कायदासुद्धा बेपत्ता माणसाची सात वर्षं वाट बघतो. आईनं दीड महिन्यात आटपावं असं म्हणणारे ते कोण?

पण धोंडप्पाचा हात भाजला, हेही खरं. दाजी काठावर बसून सुकतायत, हेही खरं. यांतलं कुठलं खरं मोठं, हे मला इथं बसून ठरवता येत नाही. दाजींवर चिडू नकोस. त्यांच्याशी बोल. शिव्या देऊन बोललीस तरी चालेल, पण बोल.

दादा

*

तळेवाडी,
दि. २१ मार्च

ती. धनादादा यांस,
सा. न. वि. वि. आज पाया पडते ती नीट, राग बाजूला ठेवून. खाली परत उचलून घेईन.

सोमवारी गल्लीची बैठक बसली. गवताच्या पेंढ्या आणून ठेवल्या होत्या, मला विचारायच्या आधीच. अमरसिंह पण आला होता, कशाला ते देव जाणे. म्हणाला की वैनी, आता मोकळं करा सगळ्यांना, मी स्वतः खर्च करतो. मी म्हणाले, तुमचा खर्च बघितलाय, सहा फ्लेक्स लावले आणि एका रात्रीत गुंडाळले. त्या कापडाची आता कुणाच्या शेळ्यांना सावली झालीय तेवढी विचारून या. लोक हसले. कितीतरी दिवसांनी गल्ली हसली, दादा, आणि मला त्याचाही राग आला.

मग मी आत्याबाईंच्या समोर जाऊन बसले. विचारलं की पहिलं जाळं ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं टाकायचं, असंच ना? म्हातारी म्हणाली, व्हय. मी म्हणाले, माणूस मिळाल्यावरच टाकायचं, हे पाण्याचं सांगणं हाय का तुमचं? तिनं हातानं माझं तोंड चाचपलं. डोळ्यांनी दिसत न्हाय तिला फारसं. मग म्हणाली, पानी काय बोलतं व्हय गं? आमीच बोलतो.

मी उठले. म्हणाले, मग ऐका. पाण्यानं माझं लेकरू मला दिलेलं न्हाय, आणि मीही ते पाण्याला दिलेलं न्हाय. गवत जाळणार न्हाय, दहावा घालणार न्हाय. त्याची वाट मी बघणार, मला वाटेल तेवढी. पण माझ्या वाट बघण्यासाठी दुसऱ्याची चूल विझवणार न्हाय. जाळं मी टाकते.

बाईनं जाळं टाकल्याचं आमच्यात कुणी ऐकलेलं न्हाय. ह्यांच्याकडं बघितलं. हे उठले, घरात गेले. मला वाटलं, झालं, हे रुसले. तर हे बाहेर आले ते ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब घेऊन, हवा भरून. ती माझ्या डोक्यावरून घालून कमरेशी आणली, वरून दोरी बांधली, आणि दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. भोयाची बायको, भोयाची सून, काठापासून दहा हातांवर जाणार, आणि कमरेला ट्यूब! एक पोरगं फिदीफिदी हसलं, तर ह्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की ते पळालं. म्हणाले, अंगावर कायतरी आसलेलं बरं. पंधरा दिवसांत मला ऐकू आलेलं त्यांचं तेवढंच वाक्य.

थर्माकोलच्या तराफ्यावर बसून गेले. पहिलं जाळं गोळा होऊन पडलं, धुण्याच्या पिळ्यासारखं. दुसरं तराफ्यालाच अडकलं. काठावरून धोंडप्पा, हाताला फडकं बांधलेलं, ओरडला की वैनी, मनगट सैल सोडा, नवऱ्याच्या मुस्काटात मारताय असं समजा! तिसरं उघडलं. ओढताना मी पाण्याला काय काय बोलले ते लिहीत न्हाय, कागदावर बरं दिसणार न्हाय. आत चार चिलापी आणि एक बारका मरळ. आत्याबाई काठावर बसून होत्या. त्यांनी हात जोडले न्हायत की रडल्या न्हायत. म्हणाल्या, आता टाका रे. आणि सगळ्यांचे तराफे एकदम पाण्यात आले.

आता जाळी वाळत घालायला जागा कमी पडते म्हणून बायकांनी वेशीवरच्या कमानीच्या त्या दोन खांबांना दोऱ्या बांधल्यात. चांगलं ऊन येतं तिथं. अमरसिंहाचा माणूस येऊन म्हणाला, हे स्मारक हाय. मी म्हणाले, नाव कुणाचं लिहिलंय ते दाखव, काढते. त्याला दाखवता आलं न्हाय.

ह्यांच्याशी बोलते. जास्त भांडण्याचंच. ते म्हणतात गेला, मी म्हणते बेपत्ता. एकाच ताटात जेवतो.

एक काम करा. त्या कल्याणप्पाचा पत्ता द्या. आणि त्या आचाऱ्याचा फोन नंबर. तो रडतो म्हणालात ना, त्याला सांगायचंय की रडू नको, नीट जग. फुकट न्हाय वाचवलं तुला.

एसटीच्या ड्रायव्हरबरोबर माशाच्या कालवणाचा डबा पाठवलाय. राग कमी झालेला न्हाय, तुम्ही काळजी करू नका.

आपली,
शिवकन्या

*

धाराशिव,
दि. २३ मार्च

चि. सौ. शिवकन्या हिस,
आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

डबा मिळाला. ड्रायव्हरनं मला स्टँडवर शोधून दिला आणि म्हणाला, पुऱ्या गाडीत वास सुटला होता, लोक विचारत होते की हॉटेल कुठलं. तुझ्या वहिनीनं आणि मी बसून खाल्लं. मीठ जास्त झालंय. लहानपणापासून तुझा हात मिठाला सैलच, जाळ्याला तेवढा उशिरा सैल झाला. वहिनी म्हणाली, मीठ बरोबर आहे, तुम्ही डोळे पुसा.

कल्याणप्पाचा पत्ता आणि आचाऱ्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. आचारी केरळचा आहे, मराठी येत नाही; तू जे म्हणणार आहेस ते कुठल्याही भाषेत समजेल त्याला. मुंबईला आता दर महिन्याच्या एक तारखेला मी अर्ज पाठवणार, विषय एकच: बेपत्ता खलाशाच्या शोधाबाबत. त्यांनी उत्तर दिलं नाही तर दुसरा पाठवतो. दिलं तर तिसरा. माझ्याकडे कागद भरपूर आहे, आणि टाइप करायला मला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

दाजींना सांग, ट्यूबची हवा अधूनमधून बघत जा.

डबा घासून ठेवलाय. रिकामा कसा पाठवायचा, म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी भरली आहे, वहिनीनं उखळात कुटलेली. तिखट आहे, मावशींना दह्यात कालवून दे. उद्या दुपारच्या गाडीला तोच ड्रायव्हर आहे. वेशीवर थांबवायला सांगितलंय, कुणालातरी घ्यायला पाठव.

तुझा,
धनादादा